कुर्सुरा बघायला जाताय? आत शिरण्याआधी एवढं कराच

विशाखापट्टणमला पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही संग्रहालय झालेली 'कुर्सुरा' पाणबुडी बाहेरूनच बघून परतलो. वार सोमवार होता. सोमवारी हे संग्रहालय बंद असतं, हे एका फोनवर कळलं असतं. पण 'एवढ्या मोठ्या गावात बंद कशाला असेल' असं म्हणत आम्ही घरून थेट फाटकापर्यंत पोचलो. चूक सर्वस्वी आमचीच. सात वर्षांच्या मुलाने फाटकाच्या गजांना धरून जे तोंड केलं होतं, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो, तेव्हा मात्र तयारीने. हा लेख त्या दुसऱ्या खेपेतून आलेला आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. पाणबुडी म्हणजे किल्ला किंवा राणीचा बाग नव्हे. एका टोकाने आत जायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर यायचं, मध्ये एकच चिंचोळी वाट. मागे माणसं, पुढे माणसं. 'पाण्याची बाटली बाहेर राहिली', 'आई, शू आली', 'ते मघाचं परत बघू' यातलं काहीही आत चालत नाही. बरं, आतली फेरी फार मोठी नसते, अर्ध्या तासाच्या आतच आटपते. तेवढा वेळ सार्थकी लागावा असं वाटत असेल, तर जे काही करायचं ते दाराबाहेरच करावं लागतं. म्हणून या लेखातही आत शिरायला जरा उशीर लागेल.

वार आणि वेळ

सोमवार टाळा, हे झालंच. इतर दिवशी संग्रहालय साधारण दुपारी उघडतं आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत चालू असतं. रविवारी सकाळीही काही वेळ उघडं असतं. वेळा बदलतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारून घ्या. रविवारी आणि सुट्टीच्या संध्याकाळी जाऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. तेव्हा रांग लांब असते आणि आत गाईडला बोलायला सवडच मिळत नाही, नुसतं 'चला, चला' चालतं. आमचा अनुभव असा की, आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी दार उघडताना पोचावं. बाहेर ऊन रणरणत असतं, त्यामुळे स्थानिक मंडळी संध्याकाळशिवाय येत नाहीत. तुम्हाला गाईड निवांत मिळतो.

महिना निवडायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये विझागचा (विशाखापट्टणमचं हे सुटसुटीत नाव) घाम मुंबईच्या घामाला लाजवतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळ याच शहरावर येऊन आदळलं होतं.

मुंबई-पुणे-सोलापूरकरांना कोणार्क एक्स्प्रेस सोयीची. मुंबईहून दुपारी निघालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळनंतर विशाखापट्टणम. कुर्सुरा जिथे आहे तो रामकृष्ण बीच स्टेशनापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगत बसू नका, 'आर के बीच, सबमरीन' म्हणालात की पुरे.

घरी करायचे दोन प्रयोग

हे नाही केलंत तरी चालेल, पण मुलं बरोबर असतील तर कराच. आत गेल्यावर 'ही कसली नळी, ती कसली चाकं' एवढंच पदरात पडू द्यायचं नसेल, तर पाणबुडी बुडते कशी आणि वर येते कशी, हे त्यांना आधी हातात धरून कळलेलं हवं.

पहिला प्रयोग बाटलीचा. प्लॅस्टिकची एक लिटरची पारदर्शक बाटली आणि औषधाचा काचेचा ड्रॉपर घ्या. आधी पेल्यातल्या पाण्यात ड्रॉपर सोडून बघा. त्याच्या रबरी टोपीचं जेमतेम टोक पाण्याबाहेर राहील, एवढंच पाणी त्यात ओढून घ्यायचं. आमच्याकडे पहिल्यांदा पाणी जास्त झालं आणि ड्रॉपर जो तळाला गेला तो गेलाच. मुलगा म्हणाला, "ही पाणबुडी वारली." दुसऱ्यांदा जमलं. आता बाटली काठोकाठ भरा, ड्रॉपर आत सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दोन्ही हातांनी दाबा. ड्रॉपर खाली जातो. सोडली की वर येतो. नीट बघितलंत तर दाबताना ड्रॉपरच्या नळीत पाणी चढताना दिसतं: आतली हवा आक्रसते, पाणी शिरतं, ड्रॉपर जड होतो.

खऱ्या पाणबुडीत हेच काम तिच्या दोन कवचांमधल्या टाक्या करतात. वरच्या झडपा उघडल्या की अडकलेली हवा निघून जाते, खालच्या भोकांतून समुद्राचं पाणी आत शिरतं आणि पाणबुडी खाली जाते. वर यायचं असेल तेव्हा बाटल्यांत दाबून भरलेली हवा त्याच टाक्यांत सोडायची, म्हणजे पाणी बाहेर ढकललं जातं.

दुसरा प्रयोग वर्तमानपत्राचा. पानं एकमेकांना चिकटवून त्यात ५३ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कापा. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून सोडायचं स्फोटक अस्त्र; कुर्सुरातल्या टॉर्पेडोच्या नळीचा व्यास ५३३ मिलिमीटर आहे, म्हणजे तेवढाच. कागद दोघांनी उभा धरायचा आणि मुलांना भोकातून न फाडता पलीकडे जायला सांगायचं. मुलं सहज जातात. मोठ्यांना खांदे चोरून घ्यावे लागतात. अडकून पडलेल्या रशियन धाटणीच्या पाणबुडीतून सुटायचं असेल, तर नौसैनिकांना याच नळीतून सरपटत बाहेर पडण्याचं शिक्षण दिलेलं असे. आमच्या घरी हे कळल्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही. कागद घडी करून बॅगेत ठेवा, तिथे उपयोगी पडतो.

थोडी ओळखपाळख

भारताची ही चौथी पाणबुडी. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या पहिल्या चार भावंडांची नावं कलवरी, खांदेरी, करंज आणि कुर्सुरा. कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला नौदलात आली, म्हणून तो दिवस आपल्याकडे पाणबुडी दिन. कुर्सुरा १८ डिसेंबर १९६९ ला सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली. तेव्हा सुएझ कालवा बंद होता, त्यामुळे या पाणबुड्यांना आफ्रिकेला वळसा घालून घरी यावं लागलं.

मुलांना यातली दोन नावं ओळखीची वाटतील. खांदेरी म्हणजे अलिबागजवळच्या बेटावरचा आपला जलदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांचंही पित्त खवळलं होतं. करंज हे नाव उरणच्या करंजावरून. आज त्याच नावांच्या नव्या पाणबुड्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधून नौदलात गेल्या आहेत. नवी खांदेरी २०१९ ची. विझागला जाऊन 'हिची एक बहीण खांदेरी होती' एवढं सांगितलं, तरी मुलं जरा छाती काढून चालतात.

कुर्सुराने ३१ वर्षं नोकरी केली आणि ७३,५०० सागरी मैल कापले. पृथ्वीला तीन फेऱ्या मारून वर थोडं उरेल एवढं अंतर झालं ते. १९७१ च्या युद्धात ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली, मग तिला समुद्रातून ओढत आणून, वाळूवरून खेचून काँक्रीटच्या पायावर बसवलं. सुमारे साडेपाच कोटी रुपये खर्च आला आणि ऑगस्ट २००२ मध्ये ती लोकांना खुली झाली.

इथे मुंबईकर म्हणून एक सल बोलून दाखवते. आपल्या दाराशी विक्रांत होती. युद्धात लढलेली, पुढे संग्रहालय झालेली विमानवाहू नौका. २०१२ मध्ये ती लोकांना बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. विझागने वाळूवर पाणबुडी चढवली आणि आपल्याला पाण्यावर तरंगती नौका राखता आली नाही. मी लहानपणी विक्रांतवर गेले होते. माझ्या मुलाला ते कधीच दाखवता येणार नाही.

काय घालायचं, काय न्यायचं

साडी नेसणार असाल तर निऱ्या वर खोचून घ्या, पदर पिन करा; आत पावलोपावली मुठी, चाकं, नळ्यांची टोकं आहेत आणि पदर अडकला की मागची रांग थांबते. सलवार-कमीज किंवा पँट सगळ्यात बरी. ओढणी घरी. पायात मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट. पाठीवरच्या सॅक पोटावर घ्या, नाहीतर वळताना शेजारच्याचा चष्मा तुमच्या बॅगेवर. बाबागाडीचा प्रश्नच येत नाही. तान्हं बाळ कडेवर न घेता छातीशी झोळीत बांधून घ्या; कडेवरच्या बाळाचं डोकं नेमकं लोखंडाच्या उंचीला येतं.

पाणी आणि खाऊ बाहेरच उरका. बाथरूमला जायला सगळ्यांना लावा, ज्याला नाही लागली त्यालाही. तिकिटं काढताना आत फोटोला परवानगी आहे का, कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट लागतं का, आणि समोरच्या विमान संग्रहालयाचं एकत्र तिकीट मिळतं का, हे तीन प्रश्न खिडकीवरच विचारा. तिकिटाचा खर्च मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपुढे काहीच नाही.

कोण कोणाबरोबर

रांगेत उभं राहण्याआधी माणसं लावून घ्या. हे हसण्यावारी नेऊ नका. आत शेजारी शेजारी चालायला जागा नाही, एकामागे एक जायचं. सगळ्यात पुढे एक मोठं माणूस, त्याच्या मागे मूल, मुलामागे दुसरं मोठं, सगळ्यात शेवटी ज्याला रेंगाळायची हौस असते तो. आमच्याकडे ती हौस नवऱ्याला. मूल पहिलं सोडलं तर ते सुसाट शेवटच्या दारातून बाहेर जातं आणि तुम्हाला परत फिरता येत नाही, पुढे धावताही येत नाही. आम्हाला दिसलेलं एक कुटुंब असंच दोन टोकांना फुटलं होतं. आई मधल्या खोलीत हाका मारतेय आणि पोरगं बाहेर भेळवाल्यापाशी.

ज्येष्ठांसाठी: आत जायला आणि बाहेर यायला जिना आहे, कारण पाणबुडी उंच चौथऱ्यावर बसवलेली आहे. गुडघे अगदीच कुरकुरत असतील, बंद जागेत जीव घाबरत असेल किंवा दम लागत असेल, तर त्यांना भरीला पाडू नका. बाहेरूनही ही वस्तू बघण्यासारखी आहे. आमच्या सासूबाई "मला काय त्या लोखंडी डब्यात बघायचंय, मी बसते समुद्राकडे तोंड करून," असं म्हणत होत्या. मी म्हटलं, "आई, पंच्याहत्तर माणसांचा स्वयंपाक कुठे व्हायचा ते तरी बघा." त्यावर उठल्या.

आधी बाहेरून एक चक्कर

लगेच जिना चढू नका. पाणबुडीच्या कडेने चाला. लांबी ९१.३ मीटर. तुम्ही रेल्वेने आला असाल तर डब्याच्या एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत मुलांनी पावलं मोजलेली असू देत. कोणार्कचे जवळजवळ चार डबे एकापुढे एक ठेवले की कुर्सुरा होते.

मग कवचावरच्या भोकांच्या रांगा दाखवा. आमच्या मुलाचा पहिलाच प्रश्न: "एवढी भोकं असल्यावर पाणी आत नाही का जाणार?" जातंच, आणि जायलाच हवं. दिसतं ते बाहेरचं पातळ कवच. माणसं राहतात ती त्याच्या आतल्या जाड पोलादी नळकांड्यात. घरचा ड्रॉपर आठवायची जागा हीच.

इथेच दाबाचा हिशोबही सांगून टाका. समुद्रात दर १० मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब वाढतो. ही पाणबुडी २५० मीटरपर्यंत जाऊ शकणारी. म्हणजे तुमच्या तळहाताएवढ्या जागेवर अडीच टन. मुलाला तळहात त्या पोलादावर टेकवायला सांगा आणि मगच आकडा सांगा.

आत

जिना चढून आत आलात की पहिल्यांदा डोळे सरावू द्या. उंच माणसांनी मान खाली ठेवायची ती बाहेर येईपर्यंत. पाणबुडीच्या सात खोल्या आहेत, एकीतून दुसरीत अशा. दोन्ही टोकांना टॉर्पेडोच्या खोल्या आहेत, त्यामुळे आल्या आल्या गोल झाकणं दिसतात ती टॉर्पेडोच्या नळ्यांची. पुढच्या टोकाला ६, मागच्या टोकाला ४. अशा १० नळ्या आणि एकूण २२ टॉर्पेडो. त्याऐवजी समुद्रात पेरायचे ४४ सुरुंगही नेता येत. बॅगेतला कागद आता काढा आणि गोल झाकणासमोर धरा. आमच्या गाईडने तो कागद बघितला, हसला, आणि मग पुढची पाच मिनिटं आमच्या मुलाशीच बोलत राहिला. इथले गाईड नौदलातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना ठरलेलं भाषण पाठ असतं, पण एखादा खरा प्रश्न विचारलात की त्यांचा सूर बदलतो. हिंदी चालतं.

टॉर्पेडोच्या खोलीतच खाटा आहेत. स्फोटकं उशाशी घेऊन झोपायचं. पाणबुडीवर ८ अधिकारी आणि ६७ नौसैनिक, मिळून ७५ जण. घरातल्या माळ्यावर जेवढी उंची असते तेवढीच खाटेवर. कुशीवर वळायचं तर खांदा वरच्या नळीला लागावा.

पुढे अधिकाऱ्यांच्या कप्प्यासारख्या छोट्या खोल्या आणि त्यांच्या बसण्या-जेवण्याची जागा. ठिकठिकाणी नौसैनिकांचे पुतळे काम करताना दाखवलेत. लहान मुलं त्यांना दचकतात, आधी सांगून ठेवा. इथून चालताना एक गोष्ट दिसत नाही, ती सांगितल्याशिवाय राहू नका: बॅटऱ्या पायाखाली आहेत. पाण्याखाली डिझेल इंजिन चालवता येत नाही, कारण त्याला हवा लागते आणि तीच हवा माणसांनाही लागते. म्हणून खाली असताना सगळं बॅटरीवर. बॅटरी उतरली की वर यायचं, किंवा पेरिस्कोप बाहेर काढता येईल एवढ्या खोलीवर येऊन श्वासनळी पाण्याबाहेर काढायची आणि डिझेल चालवून बॅटऱ्या भरायच्या. मुलांच्या भाषेत सांगायचं तर, चार्जिंग संपलं की लपाछपीत बाहेर यावंच लागतं, आणि राज्य असलेला नेमका तेव्हाच टपून बसलेला असतो.

मधली खोली नियंत्रणाची. इथे थांबा. मागची रांग पुढे जाऊ द्यायची असेल तर भिंतीला चिकटून उभं राहा, पण थांबा. चाकं, झडपा, तबकड्या, नळ्या इतक्या दाटीने की डोळ्यांना एकही मोकळी जागा सापडत नाही. पेरिस्कोपही इथेच. बहुतेक लोक पेरिस्कोपला हात लावून फोटो काढतात आणि निघतात. माझं म्हणणं, मुलांना खोली दाखवणारी तबकडी शोधायला लावा. खिडकी नाही, समोरचं काही दिसत नाही. काट्यावर आणि कानावर भरवसा ठेवून अख्खी पाणबुडी चालायची. कानावर म्हणजे सोनारवर, पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर. त्याची जागा एवढीशी, पण त्यात कानाला यंत्र लावून बसलेला माणूस बाहेरच्या आवाजावरून जहाज कुठे आहे ते ओळखायचा. म्हणूनच आतल्या माणसाच्या हातून पाना पडणं हा मोठा गुन्हा.

मग स्वयंपाकघर. आमच्या मोरीएवढं. सासूबाई तिथे जाऊन उभ्याच राहिल्या. विजेच्या शेगड्या, आगीची ज्योत नाही. गोडं पाणी मोजून मापून, त्यामुळे आंघोळीची चंगळ विसरायची. त्यांनी एकदा शेगडीकडे बघितलं, एकदा ओट्याकडे, आणि गाईडला विचारलं, "पंच्याहत्तर माणसांच्या पोळ्या कोण लाटायचं?" मी हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "अम्मा..." आणि तेवढ्यात मागून शाळेची सहल आली. रांग सरकली, आम्ही सरकलो. उत्तर तिथेच राहिलं.

यावरून एक व्यवहारी सूचना: प्रश्न त्याच खोलीत विचारा आणि उत्तर तिथेच घ्या. ते राहिलं तर बाहेर आल्यावर मोकळा गाईड गाठा. परत आत जाता येत नाही.

पुढे इंजिनांची खोली: ३ डिझेल इंजिनं, मग मोटरींची खोली: ३ मोटरी, आणि शेपटाला ३ पंखे. प्रत्येकाचा जोडीदार प्रत्येकाला, असा सरळ हिशोब. डिझेल चालू असताना इथला आवाज आणि उकाडा काय असेल याचा अंदाज आता वातानुकूलित हवेत उभं राहून येत नाही. कोणाला गुदमरल्यासारखं झालंच, तर घाबरू नका; हा पल्ला दाराजवळ आलेला असतो. मुलाचा हात धरा, नजर पुढच्या माणसाच्या पाठीवर ठेवा आणि चालत राहा. शेवटी पुन्हा टॉर्पेडो, पुन्हा खाटा, आणि दार.

बाहेर आल्यावर

रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमानाचं संग्रहालय आहे. थकलात तरी तेवढं कराच, आणि ते पाणबुडीनंतरच करा. कारण हे विमान पाणबुड्या शोधून मारण्यासाठीच होतं. आत्ता तुम्ही ज्या पाणबुडीत जीव मुठीत धरून फिरलात, तिला वरून हुडकणारं हे. पंखांचा पसारा जवळजवळ ५० मीटर, चार इंजिनं, आणि प्रत्येक इंजिनावर उलटसुलट फिरणाऱ्या पंख्यांची जोडी. भारतात आल्यावर १९८८ मध्ये या विमानांचा मुक्काम सुरुवातीला गोव्यात दाबोळीला होता. नंतर तमिळनाडूत आरक्कोणमला. २०१७ मध्ये ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे संग्रहालय उघडलं.

मग त्याच किनाऱ्यावर 'व्हिक्टरी ॲट सी' हे युद्धस्मारक आहे. १९७१ च्या ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच बंदराबाहेर बुडाली. ती आपल्या विक्रांतच्या शोधात आली होती. विक्रांत विझागलाच आहे असं भासवण्याची युक्ती व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी केली होती आणि नौका खरी अंदमानकडे होती. गाझी आपल्या राजपूत नौकेच्या माऱ्याने बुडाली असं आपण सांगतो, आतल्याच स्फोटाने बुडाली असं पाकिस्तान सांगतं. मुलांना दोन्ही सांगा. आतल्यांपैकी कोणी वाचलं नाही, हेही सांगा. नुकतेच त्या खाटा बघून आलेलं मूल ही गोष्ट वेगळ्या कानांनी ऐकतं.

समुद्राबद्दल दोन शब्द

कोकणातल्या सवयीने इथे सूर्यास्त बघायला बसू नका. हा पूर्व किनारा. सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो गावामागच्या डोंगरांकडे. डिसेंबरात साडेपाचलाच दिवे लागणीची वेळ होते. सूर्योदय मात्र चुकवू नका. पहाटे बीच रोड वाहनांना बंद असतो, लोक चालायला-पळायला येतात, आणि कोवळ्या उन्हात कुर्सुराचा काळा देह फोटोत सगळ्यात छान येतो.

पाण्यात मात्र मुलांना सोडू नका. गुडघाभरसुद्धा नाही. इथे किनारा झपकन खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. दरवर्षी माणसं बुडतात. गुहागर-हर्णैच्या उथळ पुळणीवर वाढलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, म्हणून मुद्दाम सांगते. वाळूत बसा, चुरमुऱ्यांचं मसाला मिक्स्चर घ्या, मिरचीभजी घ्या. तिथली मिरचीभजी तिखट असते, मुलांना एक तुकडा देऊन बघा आणि मगच प्लेट मागवा.

परतीच्या गाडीत रात्री मुलगा वरच्या बर्थवर आडवा होऊन छताला हात लावून बघत होता. खालच्या बर्थवर सासूबाईंनी डबा उघडला, पोळीचा घास मोडला आणि तोंडात न घालता थांबल्या. "काही नाही गं," मला म्हणाल्या, "तेवढ्या जागेत पोळ्या होणारच नाहीत. भातच लावत असतील."